सावरायचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. सायरा आजींनी मला वळले ते सुनेच्या, बुर्माकानच्या, तंबूसाठी. माझे एक टोक तंबूच्या माथ्यावरच्या लाकडी चक्राला बांधलेले असे, दुसरे आत लोंबत असे. वादळात माणसाने त्याला लटकायचे, म्हणजे तंबू उडत नाही. आजी मला एवढेच म्हणाल्या, "सावर रे बाबा." पाऊल टाकू लागलेल्या नातवंडांना पाहूनही त्या सुनेला हेच सांगत, आणि घोड्यावरचे ओझे कलले की मुलालाही हेच. एवढ्या कामाच्या शब्दाचा मी धनी, म्हणून मला भारी ऐट होती.

मग उन्हाळी कुरणावर ती दुपार आली. बुर्माकानचा नवरा जुमाश मेंढ्या वळवायला गेला आणि आभाळ फाटले. आत पेटलेली चूल, तीन लेकरे, आणि सगळा भार टाकून मला लटकलेली बुर्माकान. तेवढ्यात ओढ्याकडून हाक आली. एकदाच. मीही ऐकली, पण शब्द वाऱ्याने खाल्ले. तिचे हात सैल झाले, चक्र लेकरांवर कलले, आणि तिने मला पुन्हा घट्ट धरले. जुमाश संध्याकाळी ओढ्यात सापडला.

शेजारणी म्हणाल्या, "सावर गं, पोरांकडे बघ." तिने सावरले, असे सगळे म्हणत. खरे मला ठाऊक होते. पानही हलत नसताना ती येई, मला धरून उभी राही आणि कान देई. ती हाक मलाही येई. अजून येते, आणि मी भीतीने ताठ होतो.

पुढे सगळे गावातल्या पक्क्या घरात गेले. मला खिळ्याला टांगले. तिथे उडण्यासारखे काही नव्हते, तरी म्हातारी बुर्माकान रोज मला धरायला येई. एकदा थोरली लेक बक्तीगुल चहाचा वाडगा घेऊन मागे उभी राहिली.

"आई, बाबांची हाक मी ऐकली होती."

"काय म्हणाले?"

"दोर सोडू नकोस, म्हणाले."

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"तू कधी विचारलंस का?"

बुर्माकानने माझ्यावरचे हात काढले. चहा निवायच्या आत प्यायली.

मित्रांनो, जुन्या दोरांना ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. आणि माझी एक विनंती ऐका. त्या दुपारी बक्तीगुल तापाच्या गुंगीत होती, तिने काहीच ऐकले नव्हते. हे तिच्या आईला सांगू नका.