नाव न घेता

माइकच्या स्पंजाच्या टोपीला उजवीकडे एक खळगा पडला होता, नखाने टोकरून टोकरून झालेला, आणि आता पुन्हा तिचं नख तिथेच गेलं... नऊला दोन मिनिटं कमी, काचेपलीकडे रेडिओ स्टेशनचे म्हातारे मालक लाय बोटं वर करून उभे, आणि युएश्याच्या मनात एकच: आज पहिला फोन कोणाचा? बावीस वर्षं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. चांद्र वर्षातल्या बाराव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी, गरिबांच्या नववर्षासाठी तांदूळ मागायचा तो दिवस, ती धड ‘मंडळी’ म्हणते न म्हणते तोच लाइनचा दिवा पेटायचा आणि तिएनफूकाका खाडीवरच्या वाऱ्यातून ओरडायचे, “श्याताई, दहा पोती! त्साय तिएनफूची दहा पोती लिहून घे!” मग गाणं, बेसूर, दोन कडवी, नको म्हटलं तरी.

त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले.

ते गेले त्या दिवशी त्यांची बायको, सूलुआनकाकू, स्टेशनच्या मागच्या दाराने आल्या होत्या, पुढचं दार उघडं असताना. नवऱ्याचं दहा महिन्यांचं आजारपण, वादळात गेलेले कालवांचे तराफे... घरात शवपेटीपुरतंसुद्धा उरलं नव्हतं. श्रोत्यांनी दिलेल्या शवपेट्या गरजूंच्या घरी पोचवायचं काम स्टेशन करतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. “पेटी दे, श्या,” त्या म्हणाल्या, “पण रेडिओवर नाव नको. तो जन्मभर देणाऱ्यांतला. त्याला देणाऱ्यांतच राहू दे.” आणि मी शब्द दिला. शब्दाला जागलेसुद्धा. नाव घेतलंच नाही मी.

“नाव मी घेणार नाही, मंडळी,” असं मी म्हणाले होते दुसऱ्या दिवशी माइकवर, आणि थांबले होते, मोजून दोन श्वास. “पण तांदळाच्या दिवशी सगळ्यात आधी ज्याचा फोन वाजायचा, ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही, त्या माणसाला आज सहा फळ्यांची पेटी हवी आहे.” सगळ्या लाइनी एकदम पेटल्या. बाया रडत होत्या फोनवर. लाय काचेपलीकडे डोळे पुसत होते, आणि नंतर आलं घातलेला गरम चहा स्वतः घेऊन आले: “तैपेईच्या मोठ्या स्टेशनांना जमणार नाही हे, श्या. पगार देऊन असा गळा मिळत नाही.”

गळा. आई म्हणायची, हिच्या गळ्यावर पोट भरेल. भरलं.

काट्याने नऊ गाठले. ती बोलली, तांदळाचं बोलली, थंडीचं, एकट्या म्हाताऱ्यांचं, आणि दिवा पेटला. काका!—वेडे, मेलेली माणसं फोन करत नाहीत!

“श्याताई, मी मिंगजाय, मासळीबाजारातला. बारा पोती लिहा. तिएनफूकाकांची पहिली जागा आता माझी, काय?” तो हसला, मनात काही नसलेलं, भाबडं हसू. “बिचारे काका. शेवटी आम्ही दिलेल्या, आपल्याच पेटीत निजले की.”

आपल्याच पेटीत. थेट, चालू कार्यक्रमात, किनाऱ्यावरच्या झाडून साऱ्या गावांत. तिचा हात आपोआप पोटदुखीच्या चूर्णाच्या जाहिरातीच्या बटणावर गेला. जाहिरात सुरू झाली, जेवणानंतर दोन चमचे, आणि ती मात्र कानांवरचा हेडफोन काढायचा विसरून बसून राहिली. सूलुआनकाकू कामाला जातात त्या कालवांच्या शेडमध्ये रेडिओ असतोच. फोडणाऱ्या बायकांना हात रिकामे नसतात, कान असतात.

अकराला कार्यक्रम संपताच तिने स्कूटर काढली. लायांनी विचारलं तर म्हणाली, काम आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ जणी होत्या. ती दिसताच गप्पा थांबल्या. एरवी याच बायका ‘श्याताई, आमच्यासाठी एक गाणं’ म्हणून अंगावर आल्या असत्या. सूलुआनकाकू सगळ्यांपासून दूर, कडेला एकट्या बसल्या होत्या, शिंपल्यांचा ढीग पुढ्यात घेऊन. सुरीचं टोक शिंपल्याच्या फटीत शिरत होतं, मनगट वळत होतं, कालव भांड्यात पडत होतं.

“काकू.”

“या. बसायला काही नाही.”

या! चाळीस दिवसांपूर्वी हीच बाई अगं-तुगं करत होती. युएश्या ओल्या जमिनीवर उकिडवी बसली.

“काकू, मी नाव घेतलं नव्हतं हो.”

“नाही घेतलंत.” सुरी थांबली नाही. “घेतलं असतंत तर बरं झालं असतं. तुमच्या दारात येऊन भांडले असते, शिव्या घातल्या असत्या, गावाने ऐकलं असतं. आता काय म्हणून भांडू? तोंड उघडलं तर मीच सांगितलं असं होणार.”

पलीकडे कोणीतरी उगाचच खोकलं.

“मंडईत एक जण मला म्हणाला, चांगल्या लाकडाची होती ना हो आमची पेटी? प्रेमाने विचारत होता. मी मान हलवली. काय करणार?”

युएश्याला रडू आलं, खरंखुरं, आणि या रडण्याची तिला लाजही वाटली. “मी उद्या माफी मागते, काकू. सगळ्यांसमोर. रेडिओवर.”

आता सुरी थांबली. काकूंनी पहिल्यांदाच वर पाहिलं, रागाने नव्हे. लहान मूल पुन्हा विस्तवाकडे जाताना पाहावं तसं.

“परत?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पुढचा शिंपला उचलला. युएश्या उठली, कोणाकडे न पाहता बाहेर आली.

बांधावर वारा असा होता की स्कूटर सरळ चालेना. मी बोलले, कारण पेटी हवी होती—चाळीस दिवस ती स्वतःला हेच सांगत आली होती. पण पेट्या द्यायला लोक रांग लावतात आपल्याकडे, पुण्य कोणाला नको? त्या सकाळी देणाऱ्यांच्या यादीत सतरा जण आपला नंबर कधी लागतो म्हणून थांबले होते. एक फोन केला असता, पेटी संध्याकाळच्या आत पोचली असती, मुकाट. हे तिला तेव्हाही माहीत होतं. माइकसमोर बसताना माहीत होतं. तरी तिने ‘तांदळाच्या दिवशी’ हे शब्द जोडले, सगळ्या लाइनी एकदम पेटाव्यात म्हणून... माझ्याकडे सांगायला एक गोष्ट होती, आणि ती चांगली होती. एवढंच. नाव न घेण्यानेच तर ती चांगली झाली होती.

डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येत होतं की कशाने, कळत नव्हतं. ‘परत?’ असं म्हणाल्या काकू. एकच शब्द. सुरी थांबली होती तेव्हा, हातावर पाणी निथळत होतं, आणि मग त्यांनी वर पाहिलं, मंडळी, आणि म्हणाल्या—

इथे थांबायचं. दोन श्वास.

तिने ब्रेक दाबला. बांधाच्या मधोमध, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, ती उभी राहिली. तोंड घट्ट मिटलेलं होतं, दात आवळलेले होते, तरी आत ते सांगणं चालूच होतं, शांतपणे, कुठे सावकाश जायचं, कुठे स्वर खाली न्यायचा, कोणाचंही नाव न घेता. आणि खरं सांगायचं तर आवाज आज फार छान लागला होता.