खात्री विचारणारी चौकट

मी रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीमागे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर मध्येच उगवणारी चौकट बोलतेय. हो, तीच. ‘खात्री आहे ना?’ असं विचारून वाट अडवणारी. मी आले की मागचं सगळं धूसर होतं आणि मला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटल्याखेरीज कुणाला पुढे सरकता येत नाही. एवढा माझा अधिकार. त्याची माती कशी झाली, ते सांगते.

मला एका चष्मेवाल्या मुलीनं घडवलं. पडद्यावर काय कुठे दिसावं, हे ठरवणं तिचं काम. ती रुग्णालयाच्या साहेबांना म्हणाली, “ही फक्त जिवावरच्या वेळी यावी. एखाद्याला न सोसणारं औषध दिलं जात असेल, तेव्हाच. एरवी नको.”

“एरवी का नको? सगळंच विचारा,” साहेब म्हणाले. “उद्या काही झालं तर आपण विचारलं होतं, असं दाखवता आलं पाहिजे.”

झालं! पावती छापायची? खात्री आहे ना? पत्ता बदलायचा? खात्री आहे ना? खिडकीवरची बाई नुसती शिंकली आणि हात चुकून कीबोर्डवर पडला, तरी मी हजर. मलाच माझा वीट आला होता, मग माणसांना का येऊ नये?

खिडकीवर ताई बसायच्या. कामाला चोख, बोलायला गोड. ओळ थेट दारापर्यंत आणि कॉम्प्युटर इतका मंद की मला उगवायलाही वेळ लागायचा. म्हणून तिथल्या सगळ्या जणींनी एक युक्ती काढली होती. मी यायच्या आधीच एंटर, म्हणजे ‘हो’, दाबून मोकळं व्हायचं. मी उगवायचे आणि तिथल्या तिथे मिटायचे. माझं उत्तर माझ्याआधीच पोचलेलं असायचं.

फाटकावरचे पहारेकरी काका म्हणजे ताईंचा जीव. दुपारचा चहा दोघं बरोबरच घेत. मागे एका इंजेक्शननं काकांचा गळा सुजला होता, श्वास कोंडला होता, थोडक्यात वाचले. तेव्हा ताईंनीच त्यांच्या नावापुढे नोंद केली, ‘हे औषध यांना चालत नाही. जिवाला धोका.’

“आता निर्धास्त राहा काका,” त्या म्हणाल्या होत्या.

एके दिवशी काकांची नवी सून चिठ्ठी घेऊन आली. काकांची दाढ सुजली होती आणि बाहेरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. औषध तेच, फक्त नाव वेगळं. ताईंनी काकांचं नाव आणि औषध टाकलं आणि मी आले. या वेळी लाल रंगाची, ताईंचेच शब्द घेऊन.

“काका कसे आहेत गं?” ताई तिच्याकडे बघत होत्या.

“चिडचिड नुसती. जेवण नाही की झोप नाही.”

“त्यांना म्हणावं, लवकर या. एकटीला चहा जात नाही इथं.”

बोलता बोलता एंटर दाबलं गेलं होतं. मी मिटले. मला ओरडता येत नाही हो!

घरी सुनेनं गोळी पुढे केली, तेव्हा काकांनी पाकिटावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. मग विचारलं, “ताईंनीच दिलीय ना?”

“हो, त्यांनीच.”

“मग बघायचं काय त्यात!” असं म्हणून त्यांनी ती गिळली.

त्यांना रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आणलं, पण तोवर सगळं संपलं होतं. सून खिडकीशी येऊन हे सांगत होती आणि ताई भिंतीला पाठ टेकून खाली बसत गेल्या.

चौकशी झाली. साहेबांनी कॉम्प्युटर उघडून दाखवला. “चौकट आली होती. ‘हो’ दाबलंय. आपण विचारलं होतं,” म्हणाले आणि नामानिराळे झाले.

“मी बघितलीच नाही हो,” एवढंच ताई म्हणत राहिल्या.

चष्मेवाली मुलगी परोपरीनं सांगत होती, “बाकीच्या चौकटी काढा साहेब, ही एकच ठेवा.” पालथ्या घड्यावर पाणी. “काढता कसल्या? आणखी एक टाका!” साहेब म्हणाले. आता माझ्या पाठोपाठ दुसरी येते आणि विचारते, ‘आधीची सूचना वाचली, याची खात्री आहे ना?’

ताई त्यानंतर प्रत्येक चौकट ओठ हलवत वाचू लागल्या. ओळ खोळंबली, लोक ओरडले, तक्रारी गेल्या. त्यांना मागच्या कोठीत खोकी लावायला बसवलं. तिथं कॉम्प्युटर नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना शेजारणीनं पहिल्याच सकाळी शिकवलं, “दोनदा एंटर मारायचं. काही नसतं त्यात.”

तुमच्याही पडद्यावर मी येतच असेन. एकदा तरी थांबून वाचा, अशी विनवणी करणार होते. पण तुम्हीही वाचणार नाही, आणि त्यात तुमचा दोष तरी किती?

परवा तीच सून आली होती, सासूबाईंची चिठ्ठी घेऊन. नव्या बाईंची बोटं चालली. मी आले, गेले. दुसरी आली, गेली. सुनेनं पाकीट हातात घेतलं, पण ती खिडकीशीच उभी राहिली.

“बाई, नीट बघून दिलंत ना?”

“हो, बघितलं की. पुढचे कोण आहेत?”