साहेबांचे इंग्रजी आणि मी

मित्रांनो, मी एक म्हातारा, एका कानाने बहिरा झालेला कुत्रा आहे. मला इंग्रजी समजते. याचा मला मुळीच अभिमान नाही, कारण ज्यांनी ते मला शिकवले त्यांनी त्याचा जो काही उपयोग केला, तो मी जवळून पाहिला आहे.

माझे मालक एका मोठ्या गोदामाचे साहेब होते. ते निवृत्त झाले आणि आठवड्याभरातच त्यांच्या लक्षात आले, की आता हुकूम सोडायला कोणीच उरलेले नाही. बायको आधीच वारली होती. मुलगी दिवसभर नोकरीवर. म्हणून मला आणले. मी टोपलीतून बाहेर आलो, गालिचा ओला केला आणि ‘सार्जंट’ झालो.

साहेब घरात सगळ्यांशी मराठी बोलत, माझ्याशी मात्र इंग्रजी. ‘सिट!’ ‘स्टे!’ ‘हॉल्ट!’ शेजारी कौतुकाने म्हणत, "काय हुशार आहे हो! इंग्रजीत सांगितलं की लगेच ऐकतो." भांडी घासायला येणाऱ्या मावशी तेवढ्या फटकळ. त्या म्हणत, "कुत्र्याला इंग्रजी आणि आम्हाला मराठी. म्हणजे या घरात शिकलेलं कोण, ते समजलं."

खरे सांगतो, शब्द ऐकून मी कधीच बसलो नाही. साहेबांचा उजवा हात खिशाकडे गेला, की मी बसत असे. खिशात बिस्कीट असे. एकदा खिशात हात घालून ते नुसतेच शिंकले, तरी मी बसलो. हात पाठीमागे बांधून ते घसा फुटेस्तोवर ओरडले, तेव्हा मी उभाच राहिलो. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. निकाल तोच. साहेबांनी मात्र असा निष्कर्ष काढला, की क्रियापद कमी पडते आहे.

मग क्रियापदे चढू लागली. आधी ‘आय डायरेक्ट यू’, मग ‘आय ऑर्डर यू’, नंतर ‘आय कमांड यू’. शब्द जितका जड, तितका आवाज चिरका. गोदामातली माणसे या शब्दांना चळचळा कापत, असे ते सांगत. मला शंका आहे. तिथेही लोक खिशाकडेच पाहत असणार.

मुलगी मला ‘ढोल्या’ म्हणायची. "सरक रे ढोल्या, झाडायचंय," एवढेच म्हणायची आणि मी सरकायचो. रोज सकाळी साहेबांना मधुमेहाचे इंजेक्शन तीच द्यायची. जेवणानंतर त्यांच्याशी पत्ते खेळायची आणि बहुतेक वेळा मुद्दाम हरायची. आपण डावपेचांत तरबेज आहोत, असे साहेबांना वाटे.

एकदा जेवताना तिने सांगितले, की दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळते आहे. साहेब ताडकन उभे राहिले.

"आय फॉरबिड इट!" म्हणजे, मी मनाई करतो.

"बाबा, बसा. जेवण गार होतंय."

"आय... आय डिक्री..." म्हणजे, मी फर्मान काढतो. कोणत्या राज्याचे, कोण जाणे.

"आता हे कुठलं नवीन काढलं?" स्वयंपाकघरातून मावशी म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. "बाबा, मी अजून होकार दिलेला नाही. उद्या कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं ते सरळ सांगा ना. मी ऐकतेय."

मी टेबलाखाली होतो. भीतीचा वास मला ओळखू येतो, आणि साहेबांच्या अंगाला तो इतका येत होता, की मला शिंक आली. त्यांचे ओठ हलले. आणि एवढ्या खटपटीनंतर बाहेर काय पडले? "ॲन ऑर्डर इज ॲन ऑर्डर!"

मुलीने आपले ताट उचलले. दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला.

ती निघाली त्या दिवशी दारात टेम्पो उभा होता. साहेबांनी मला उंबऱ्याकडे बोट दाखवले. "सार्जंट! गार्ड द डोअर!" पोटच्या मुलीला अडवायला कुत्रा! मी तिच्याकडे पाहिले.

"सरक रे ढोल्या," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. मी सरकलो.

"औषधं वेळेवर घ्या, बाबा. इंजेक्शन कसं द्यायचं, ते मावशींना दाखवलंय."

"हं," साहेब म्हणाले. आयुष्यभर जमवलेल्या शब्दसंपत्तीतून तेवढेच निघाले.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. साहेब माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि माझ्या बहिऱ्या कानात म्हणाले, "तिच्याशिवाय मला करमणार नाही रे. एकट्याला भीती वाटते."

दुसऱ्या कानाने मी ऐकले. किती साधी वाक्ये! एका श्वासात बोलून झाली. मला त्यांची कीव यायला हवी होती. आधी रागच आला.

मित्रांनो, मुक्या प्राण्यांना जपा, असे तुम्हाला कोणीही सांगेल. मी माणसांविषयी सांगतो. कोणी आपल्याजवळ राहावे असे वाटत असेल, तर ते त्याला सांगा, आणि तो समोर आहे तोवर सांगा. आम्हा कुत्र्यांना सांगू नका. आम्हाला समजते सगळे. पोचवता काहीच येत नाही.