तात्याबांच्या फेट्याचं झबलं

मी एक जुना फेटा आहे. आता मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण सध्या मी धड एक वीतही लांब नाही. पुढून उघडं, दोन बंदांचं एक इवलंसं झबलं, एवढंच माझं रूप उरलं आहे. बाकीचा मी टोपड्यात, लंगोटांत आणि पुसायच्या फडक्यांत वाटला गेलो. पण मित्रांनो, ज्यानं आपली उमेदीची वर्षं माणसाच्या डोक्यावर काढली, त्याला स्वतःची ओळख फेटा म्हणूनच करून द्यावीशी वाटते. एवढी ऐट मला माफ करा.

माझा जन्म कोणत्या मागावर झाला ते मला सांगता येणार नाही. मला पहिलं आठवतं ते गेवराईच्या एका दुकानातलं फडताळ, आणि त्यानंतर एकदम लग्नाचा मांडव. तिथे तलवाड्याच्या तात्याबांना आहेर म्हणून मला बांधलं. तात्याबा मेंढपाळ. मी तेव्हा पांढराशुभ्र, खळ घातलेला, बोट लावलं तर करकरणारा. मांडवात कुणीतरी म्हणालं, “तात्याबा, आज तुमी लई झ्याक दिसायलात.” तात्याबांची मान जराशी ताठ झाली. इतरांना ते दिसलं नसेल, मला मात्र बरोबर कळलं.

ती ऐट एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवसापासून मेंढरं, माळ आणि ऊन. पोहऱ्याचा दोर तुटला की मी दोर व्हायचो, चालून थकलेल्या कोकराला पाठीशी बांधायचं झालं की झोळी व्हायचो. भाकरी माझ्यात बांधली जाई, दूध माझ्यातून गाळलं जाई. एकदा तर काटा मोडलेल्या बकरीच्या पायाला माझं टोक फाडून बांधलं होतं, त्याचा राग मला बरेच दिवस होता. नव्या कापडाचा ताठा धुण्याच्या दगडावर निघतो. माझाही निघाला. पुढे मी इतका मऊ झालो की तात्याबा दुपारी बाभळीखाली आडवे झाले की मला घडी करून गालाखाली घेत.

मग त्यांच्या मुलानं, बजरंगनं, त्यांना नवा फेटा आणला आणि मी लोखंडी पेटीत गेलो. पेटीत दिवस कसे जातात ते विचारू नका. वर एखादी पैठणी असती तर निदान गप्पा झाल्या असत्या, पण माझ्यावर नुसत्या रिकाम्या पोत्यांची घडी होती. कामाच्या माणसाला बसवून ठेवलं की तो आतून कुजतो, आणि कापडाचंही तसंच असतं.

त्याच सुमाराला बजरंगचं लग्न झालं आणि वडवणीहून वनमाला या घरात आली. तिनं माहेराहून पायांनी चालवायचं शिवणयंत्र आणलं होतं. पेटीत पडल्या पडल्या मी त्याचा आवाज ऐकायचो. वनमाला नवं कापड फारसं शिवत नसे. गावातल्या बाया घरातले जुने कपडे घेऊन येत आणि ती त्यातून लेकरांचे कपडे काढून देई. शेजारची सुंदरबाई नवऱ्याचा शर्ट घेऊन यायची नि दारातूनच विचारायची, “वनमाला, बघ गं, ह्यातून अंजूला काय निघतंय का?”

“निघंल की. बगला विरल्यात, पर पाठ चांगली हाय.”

शर्टाची कॉलर नि बगला आधी जातात, पाठ मात्र शाबूत राहते, हे तिला ठाऊक होतं. ती बटणांची पट्टी तशीच ठेवायची, म्हणजे नवी काजं करावी लागत नसत. खालची दुमडही उसवायची नाही, तोच फ्रॉकचा घेर. पँट गुडघ्यात फाटली तरी मांडीचं कापड टिकतं, त्यातून पोरांच्या शाळेच्या चड्ड्या निघत. अंजू तो फ्रॉक घालून गावभर सांगत फिरायची की ही माझ्या बाबांची पाठ आहे. हे ऐकून तात्याबा खो खो हसायचे.

अर्ध्या गावाच्या लेकरांना कपडे शिवणाऱ्या वनमालेच्या स्वतःच्या पाळण्याची गोष्ट मात्र दुःखाची होती. पहिल्या खेपेला तिनं हौसेनं गाठोडंभर झबली आणि टोपडी शिवून ठेवली होती. ते बाळ घरी आलंच नाही. तिच्या सासूनं, सत्यभामाबाईनं, तेव्हा तिला बोल लावला नाही. तिनं ते गाठोडं नेऊन नदीत सोडलं. परत आल्यावर एवढंच म्हणाली, “पोटातल्या लेकरासाठी कात्री उचलू न्हाई, बाई. मी तुला आधीच सांगायला पायजे होतं.”

त्या घराच्या दोन रीती होत्या. बाळ जन्मल्याशिवाय त्याच्यासाठी कापड कापायचं नाही, ही एक. दुसरी अशी की बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही. घरातल्या म्हाताऱ्या, सुखानं पिकलेल्या माणसाच्या अंगावरचं जुनं लावायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. म्हणून वनमालेला पुन्हा दिवस गेले तेव्हा सत्यभामाबाईनं पेटी उघडून मला बाहेर काढलं. रिठ्यानं धुतलं, कडक उन्हात वाळवलं, छातीशी धरून वास घेतला आणि पुन्हा पेटीत वर ठेवून दिलं. “लेकरू आलं की मग फाडू,” ती म्हणाली. मी खूश होतो. डोक्यावरून उतरून बाळाच्या अंगावर जायचं, यापेक्षा मोठी बढती कोणती?

पण पोटातलं बाळ नीट वाढत नव्हतं. गावच्या आशा सेविका सरस्वतीबाई, ज्यांना सगळे आशाताई म्हणत, वनमालेला तपासणीला घेऊन गेल्या होत्या. परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. “वनमाला, बाळ लहान हाय. लवकर बी येऊ शकतं. जुन्या सुती कापडाची झबली शिवून, धुऊन तयार ठेव. पुढून उघडी ठेव. ऐन येळंला पळापळ नको.”

वनमाला मान हलवत राहिली. आत आल्यावर ती यंत्रासमोर बसली, पण यंत्र चालवलं नाही. सासूचं ऐकावं तर बाळ उघडं राहील, आशाताईंचं ऐकावं तर पहिल्यासारखं होईल. त्या दिवसांत ती दुसऱ्यांचे कपडे शिवतानाही चुकू लागली. अंजूच्या परकराला तिनं नाडीसाठी जागाच ठेवली नाही.

मग आठवडी बाजाराचा दिवस आला. सत्यभामाबाई बाजारात गेली आणि वनमालेनं पेटी उघडली. तिचे हात कापत होते. मला वाटलं, माझ्यावर कात्री चालणार म्हणून मी घाबरेन, पण तिची भीती इतकी मोठी होती की माझी आपोआप मागे पडली. झबल्याचं माप तिच्याकडे वितीचं असे. यावेळी तिनं वीत धरली, थोडी मिटली, पुन्हा मिटली आणि तेवढ्यावर खडूची रेघ ओढली. शिवणी तिनं बाहेरच्या बाजूला घेतल्या, म्हणजे आतून बाळाला टोचायला नको. बटणं लावली नाहीत, माझ्याच काठाचे दोन बंद केले. टोपड्याच्या मापासाठी तिनं नारळ घेतला, मग तो ठेवून दिला आणि एक संत्रं घेतलं.

कपडे धुऊन तिनं अंगणात दोरीवर टाकले आणि वरून साडी पसरली. बायका असं बरंच काही साडीखाली वाळवतात. पण वारं सुटलं, साडी उडाली आणि त्याच वेळी सत्यभामाबाई पिशवी घेऊन फाटकातून आत आली.

ती माझ्यासमोर उभी राहिली. माझी बाही तिनं दोन बोटांत धरली. तिचं एक बोट आत गेलं आणि तिथंच अडलं.

“हे कावून केलंस?” तिनं विचारलं.

“आशाताईनं सांगितलं, आत्या. बाळ लहान हाय म्हनाल्या.”

“आन् म्हनून तू बाहुलीचं माप धरलंस? लेकरू मोठं व्हावं म्हनून मानसं मोठं माप धरत्यात. तू एवढुसं धरलंस. आता देव बी तेच माप धरंल.”

मित्रांनो, मी कात्री सोसली, पण हे वाक्य मला सोसलं नाही. वनमाला भिंतीला टेकून खाली बसली. सत्यभामाबाईनं मला दोरीवरून काढलं, गाठोडं बांधलं आणि कणगीच्या मागे टाकलं. हेही गाठोडं नदीकडे जाणार हे मला समजलं.

पण नदीला जायची वेळ आलीच नाही. आठवडा व्हायच्या आतच वनमालेला कळा सुरू झाल्या. बजरंगनं तिला गाडीत घालून बीडला नेलं. फोन आला तेव्हा तात्याबा अंगणात मेंढरांना पाणी दाखवत होते. मुलगी झाली होती. फार लहान होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

हे ऐकल्यापासून सत्यभामाबाई चुलीपाशीच असायची. चूल पेटवायची, विझवायची, पुन्हा पेटवायची. आपलं बोलणं खरं झालं असं तिला वाटत होतं. आणि तिकडे वनमालेला आपलं माप खरं झालं असं वाटत असणार. मी कणगीमागे पडून विचार करत होतो की मी जर मोठा कापला गेलो असतो तर? मग माझंच मला हसू आलं. फेट्याच्या लांबीवर बाळं वाढत असती तर तात्याबांच्या घरात पहिलवान जन्मले असते. पण ते हसू टिकलं नाही.

काही दिवसांनी बजरंगचा पुन्हा फोन आला. तात्याबांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. “माय, बाळाला आता पेटीतून काढून वनमालेच्या छातीशी धरायचं हाय. ऊब द्यायला. सिस्टर जुन्या सुती कापडाचं, पुढून उघडं झबलं मागायली. मी दुकानातून आनलं, तर ती म्हनली ह्यात अशी तीन बाळं मावतील. आन् जरीनं टोचतंय.”

फोन ठेवून तात्याबा खाटेवर बसले. सत्यभामाबाई कणगीकडे बघत होती.

“मला हात लावू वाटंना त्याला,” ती म्हणाली. “पयल्या येळचं गाठोडं मी ह्याच हातानं सोडलंय.”

“माझाच फेटा हाय तो,” तात्याबा म्हणाले. “उन्हात डोकं झाकलंय त्यानं माझं. त्यो कुणाचं वाईट कावून करील? तू ठरव. पर लेकरू तिथं उघडं हाय.”

आयुष्यात माझी इतकी मोठी शिफारस कुणी केली नव्हती. सत्यभामाबाई उठली. तिनं मला कणगीमागून काढलं, पुन्हा धुतलं, तव्यावर धरून वाळवलं आणि पदरात बांधून बीडची एसटी पकडली. सगळ्या वाटेत तिची मूठ माझ्यावरून सुटली नाही.

दवाखान्यात सिस्टरनं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. “शिवण बाहेरून घेतली, बंद लावले. कुणी शिवलं हे, आजी?”

“माझ्या सुनंनं.”

“चांगलं केलं. असंच पायजे होतं.”

मला त्या मुलीच्या अंगावर चढवलं. मित्रांनो, ती इतकी लहान होती की तिचं काळीज माझ्या दोन बंदांच्या मधोमध उडताना दिसत होतं. तरी मी तिला बरोबर बसलो. ना सैल, ना घट्ट. टोपडंही बसलं. सिस्टरनं तिला वनमालेच्या छातीशी ठेवलं. वनमालेनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. “आत्या, माझ्याच मापाचं आलं की ओ लेकरू,” ती म्हणाली आणि रडू लागली.

सत्यभामाबाई तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, “न्हाई गं. लेकरू तुझ्या मापानं न्हाई आलं. लेकराच्या मापाचं तू शिवलंस. ते लहान हाय हे तू आधी मानलंस, म्हनून आज त्याच्या अंगावर कापड हाय. मी बोलले ते माझ्या भ्यानं बोलले. ते तू धरू नगंस.”

वनमालेचं रडणं लगेच थांबलं नाही, पण तिनं बाळाच्या पाठीवर, म्हणजे माझ्यावर, हात ठेवला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दोनदा तर त्या लेकराला पुन्हा काचेच्या पेटीत न्यावं लागलं आणि मी रिकामा, घडी होऊन, उशीखाली पडून राहिलो. तसं रिकामं पडणं लोखंडी पेटीपेक्षा वाईट होतं. पण ती परत येत राहिली, आणि शेवटी घरी आली. तिचं नाव सायली ठेवलं.

एके सकाळी सत्यभामाबाई तिला न्हाऊ घालून मला चढवू लागली. एक हात गेला. दुसरा बाहीत जाईना. तिनं जरा ओढलं.

“आत्या, ओढू नका. फाटंल.”

“फाटू दे,” सत्यभामाबाई म्हणाली. “फाटू दे की गं. लहान झालं ना लेकराला.” आणि नातीला मांडीवर तशीच उघडी घेऊन ती हमसून हमसून रडली. आधीच्या सगळ्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. माझ्या बाहीची शिवण थोडी उसवली, पण ती मी माझी शाबासकी मानतो.

मित्रांनो, घरातली जुनी मऊ कापडं पायपुसण्याला लावण्याआधी एकदा उन्हात धरून बघा. त्यांनी तुमच्या माणसांचा घाम टिपलेला असतो, ती लेकरांशी वाईट वागणार नाहीत. आणि कुणी आई भीत भीत तयारी करत असेल, तर तिला बोल लावू नका. तिचे हात आधीच कापत असतात.

सत्यभामाबाईनं आपली रीत मोडलेली नाही. बाळ येण्याआधी कात्री उचलायची नाही, असं ती आजही सुंदरबाईला बजावते. पण माझी उसवलेली बाही तिनं स्वतः शिवून घेतली आणि मला पेटीत अगदी वर ठेवलं. कुणाचं लेकरू घाईनं आलं तर शोधाशोध नको. शिवलेलं झबलं घरात आहेच, त्याला कात्री कशाला हवी, असं ती म्हणते. मी वाट पाहत नाही, खरं तर कुणाला माझी गरज पडूच नये. पण पडलीच, तर त्या बाळालाही मी लवकरात लवकर लहान व्हावं, एवढंच माझं मागणं आहे.