चाकं खाली आहेत का?

खट्. नाही, पुन्हा. खट्... आता बसला. अंगठ्याखालचा तो पितळी दांडीचा टॉगल यज्ञेश्वरने तिसऱ्यांदा वर-खाली केला आणि कान जवळ नेऊन ऐकला, कारण स्विच बघून कळत नाही, ऐकून कळतो. उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. मागच्या खोलीत त्याने बनवलेल्या कॉकपिटमध्ये असे बेचाळीस टॉगल. प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात, त्याच्याच हातचं नाव – बत्ती, पंप, नळी-गरम... हो, देवनागरीत. विमानाला इंग्रजीच कळतं असं कोण म्हणतं?

अकरा वाजता सौमित्र येणार होता. धाकट्या भावाचा मुलगा. दोन वर्षं झाली, खऱ्या विमानात सहवैमानिक म्हणून उजवीकडच्या खुर्चीवर बसतो. सौमित्रची आई मंजिरी, तिने मागच्या लग्नात पन्नास माणसांसमोर म्हटलं होतं, आमचे भाऊजी रिटायर झाल्यापासून बुढापारा मोहल्ल्यात घरी बसून खेळणं करून राहिले. लोक हसले. तोही हसला. खेळणं! ज्यांच्या घरी फ्यूज गेला तर मेणबत्ती लावून मिस्त्रीची वाट बघतात त्यांनी बोलावं हे.

मारुती व्हॅनच्या दोन सीटा. सुकाणू म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपाचं, ड्रॉवरच्या चॅनेलवर पुढे-मागे सरकणारं, आणि हात सोडला की मधोमध परत यावं म्हणून दरवाजाच्या स्प्रिंगा. जुना कीबोर्ड उघडून त्याच्या हिरव्या पट्टीला एकेक तार डाग देऊन जोडलेली, म्हणजे इकडे टॉगल पाडला की तिकडे कॉम्प्युटरला वाटावं कुणी बटण दाबलं. समोर तीन पडदे, वर पत्र्याचं कपाळ, काळा रंग. मापं कुठून आणली? फोटोंवरून. फोटोतल्या वैमानिकाची मूठ किती बोटं रुंद दिसते ते मोजायचं, आणि त्या मुठीच्या हिशेबाने सगळं कॉकपिट मोठं करायचं. विमानात तो जन्मात एकदाही बसला नव्हता. मान्याच्या विमानतळाच्या जाळीपाशी मात्र इतक्या वेळा उभा राहिला होता की चौकीदार त्याला रामराम करायचे. शहराची राजधानी झाली, मोठे रस्ते झाले, मंत्र्यांच्या गाड्या आल्या. पण या शहरात हातांनी विमान कुणी केलं? ...मी केलं.

सौमित्र आला तो अर्धवट हसतच. मोठ्या आईला, म्हणजे यज्ञेश्वरच्या बायकोला, रमाला, वाकून नमस्कार केला, पोह्यांची बशी हातात घेतली आणि मागच्या खोलीच्या दारात आल्यावर बशी तशीच खिडकीत ठेवून दिली. उजवीकडच्या सीटवर बसला, पट्टा शोधला – पट्टा होता – आणि समोर बघत असतानाच त्याचा डावा हात आपोआप पुढे गेला आणि चाकं वर-खाली करायच्या दांडीवर जाऊन थांबला. न बघता. दांडीच्या टोकाला यज्ञेश्वरने कपाटाचं छोटं रबरी चाक बसवलं होतं, अंधारातही हाताला कळावं म्हणून.

"मोठे बाबा," पोट्टा हळूच म्हणाला, "ये तो सही जगह पे है."

यज्ञेश्वरने खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्कूटर आणि शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर. तरी तो तिकडेच बघत राहिला. त्या हाताला मंजिरीचं बोलणं ठाऊक नव्हतं. हाताला फक्त जागा ठाऊक होती, आणि जागा बरोबर निघाली होती.

मग सौमित्रने डावीकडची सीट दाखवली. तुम्ही उडवा, म्हणाला, मी बसतो. रमा नेहमीप्रमाणे मागच्या स्टुलावर, मांडीवर वही. ती शाळेत शिकवायची. उतरण्याआधीच्या तपासणीची यादी ती हजेरीसारखीच वाचायची, नाव घ्यायची आणि पेन टेकवून थांबायची. आणि तो प्रत्येक नावाला म्हणायचा – हव. छत्तीसगढी 'हो'. तीन पिढ्या छत्तीसगढात राहिल्यावर मराठीत तो कधी शिरला कुणाला आठवत नाही.

पडद्यावर मान्याची धावपट्टी लांबून पेन्सिलीएवढी दिसत होती. विमान सुताच्या रेषेत उतरत होतं, इतकं छान की सौमित्रने नुसती मान हलवली, आणि ती मान हललेली यज्ञेश्वरला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली.

"पंप?" "हव." "बत्ती?" "हव." "चाकं?" "हव."

धावपट्टी आली, अलगद... आणि मग घर्रकन असा आवाज की रमाची वही खाली पडली. पंखा वाकला. पडदा गोठला. पोटावर घसरलेलं विमान तिरपं पडून होतं आणि दांडी – ती दांडी वरच होती.

आता हसेल. हसू दे. पण सौमित्र हसला नाही.

"मोठे बाबा, आपने हव कहा."

"सवय आहे बाबा."

"कॉकपिट में हाँ-ना नहीं चलता. जो दिखता है वो बोलते हैं. चाकं खाली, तीन हिरवे. हाँ तो कोई भी बोल देता है."

हाँ तो कोई भी... मिलमधला सोबती अच्युत रोलरच्या पट्ट्याखाली वाकलेला होता. लाइन काढली का बे, म्हणजे वीज बंद केली का, त्याने खालून विचारलं होतं, आणि पॅनल वीस पावलांवर होतं, आणि हातात चहा होता, आणि आमच्या 'हव'मध्ये दोन्ही बसतं, केलं तेही आणि करतोच आहे तेही. मी म्हणालो होतो हव. मी. पट्टा फिरला, अच्युतची दोन बोटं गेली. चौकशीत लिहिलं गेलं की स्विचचा कॉन्टॅक्ट चिकटला होता. सतरा वर्षांपूर्वी त्या कागदाखाली यज्ञेश्वरने सही केली, आणि स्विच बिचारा भंगारात गेला. अच्युत अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो, डाव्या हाताने डबा देतो.

"पुन्हा," यज्ञेश्वर म्हणाला. रमाने वही उचलली आणि पेन हातात घेतलं.

पुन्हा आकाश, पुन्हा ती पेन्सिल. घाम येत होता, सुकाणूचा पाइप तळव्याला चिकटत होता, आणि त्या घामात एक अजब गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती – की ही वस्तू त्याने इतकी खरी केली आहे की तिने त्याला, तिच्या बापाला, सोडलं नाही. चौकशी समितीला जे सापडलं नाही ते या पत्र्याने धरलं. भीती वाटावी की मान ताठ व्हावी? दोन्ही होत होतं.

"चाकं?" रमा म्हणाली.

त्याने दांडी खाली ओढली. दांडीच्या वर त्याने तीन चाकांचे तीन दिवे बसवले होते, मिलच्याच जुन्या टायमरवर, कारण खरी चाकं उतरायला वेळ घेतात आणि त्याला ते खोटं करायचं नव्हतं. एक हिरवा लागला. थोड्या वेळाने दुसरा.

"चाकं?" रमाने पुन्हा विचारलं. धावपट्टी आता रस्त्याएवढी रुंद झाली होती. "तुम्ही काहून बोलून नाही राहिले?"

सौमित्र हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत होता. मदत करणार नव्हता, आणि तोच त्याने केलेला मान होता. शब्द यज्ञेश्वरच्या जिभेवर तयार होता, एका अक्षराचा की दोन, हलका, चौतीस वर्षांचा गुळगुळीत... त्याने ओठ मिटले. तिसरा दिवा अजून काळा होता. तो बघत राहिला – इतक्या लक्षाने त्याने आयुष्यात कशाकडे बघितलं नव्हतं – आणि ती दोघं थांबली होती, त्याच्या बोलण्यासाठी, आणि त्या थांबण्यात त्याला पहिल्यांदाच कसलीच घाई वाटत नव्हती.