मूठभर जुनं मीठ

दहा दिवस झाले तरी टाकीतलं पाणी भाताच्या पेजेसारखंच होतं. टाकीमागच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. पाणी भरलं त्या पहिल्या संध्याकाळी गोदूला काचेतून तिच्यावरच्या तारखा वाचता आल्या होत्या. आता रविवारची लाल तारीख कुठली नि बाकीच्या काळ्या कुठल्या, काही कळत नव्हतं. आत अजून एकही मासा नव्हता. पांढरी वाळू, चार खडबडीत दगड आणि त्यांच्याभोवती गरगरणारी ती पेज.

टाकी आणली मितेशनं, गोदूच्या धाकट्या लेकानं. तो तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. साहेबांच्या घरी खाऱ्या पाण्यातले नारिंगी मासे पाहून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पनवेल गावातल्या इलियासच्या दुकानातून काच आली, पंप आला आणि मिठाची सीलबंद बादलीही आली. गोदूनं बादली चारही बाजूंनी फिरवून पाहिली. महादेव म्हात्र्याच्या लेकीच्या घरात मीठ विकत आणायचं, आणि तेही परदेशातलं! जिचा बाप मिठागरवाला, सासरा मिठागरवाला, जिच्या टाचांच्या भेगांतलं मीठ लग्नाच्या हळदीनंही निघालं नव्हतं, तिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. मितेशनं मोबाइलवर पाहून मीठ कालवलं.

आणि पाणी बिघडलं.

मग सुरू झाली हमाली. मितेश कामावरून आला की नळी लावून अर्धी टाकी उपसायचा, नवीन पाणी कालवायचा, बादल्या उचलता उचलता कंबर धरायचा. सून हेतल स्वच्छतेची मोठी भोक्ती. ती पाणी गाळायच्या डब्यातला स्पंज रोज काढून नळाखाली घासायची, पांढराशुभ्र होईपर्यंत. गाळातून गेलेलं पाणी कधी साफ होतं का, असं तिचं म्हणणं. रात्री पाणी जरा बरं वाटायचं आणि सकाळी पुन्हा पेज. हॉलमध्ये कायम ओल, ओल्या लाद्यांवर अंथरलेली जुनी बेडशीट, आणि नवराबायकोत रोज नवी कुरकुर. इलियास फोनवर एकच सांगायचा, नवीन टाकी आहे, हात लावू नका, सबर करा.

"विकताना कसा धावत आला होता," मितेश म्हणायचा, "आता सबर शिकवतोय."

गुरुवारी त्यानं बादली आपटली. रविवारी टाकी परत करणार, आणि दुकानाचं नाव घेऊन फोटोसकट नेटवर लिहिणार, लोकांना कळू दे कसला माल देतो ते. मग खुर्चीत बसून तो हळूच म्हणाला, की आपल्या हातून एक गोष्ट धड होत नाही. गोदूला मात्र ठाऊक होतं की दोष ना मितेशचा होता, ना इलियासचा. निदान तिला तसं वाटत होतं.

झालं होतं असं. पाऊस सरला की खाडीचं पाणी मिठागरात घेत, तेव्हा तिचा बाप पहिल्या खणात गेल्या सालचं मूठभर मीठ टाकायचा. दुधाला विरजण लागतं तसं पाण्यालाही लागतं, म्हणायचा. मीठ मिठाला बोलावतं. पुढे बळीरामनं, तिच्या नवऱ्यानं, तेच केलं. मिठागर बंद झालं, भराव पडला, तेव्हा बळीरामनं शेवटच्या राशीतलं मीठ एका लोणच्याच्या बरणीत भरून घरी आणलं. गोदू दृष्ट काढायलासुद्धा त्यातलं मीठ घेत नसे. पण टाकी भरली त्या दुपारी, घरात कोणी नसताना, तिनं बरणी उघडली. इतक्या वर्षांनी दारात खारं पाणी आलं होतं. ते रिकाम्या हातानं कसं घ्यायचं? एक मूठ सोडली, हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून पेज.

दहा दिवस तिनं ते पोटात ठेवलं होतं. सांगावं तर, म्हातारीला काही कळत नाही तरी मध्ये मध्ये करते, हे कायमचं कपाळी आलं असतं. न सांगावं तर इलियासची अब्रू जाणार. त्याचा बाप सुकवणीच्या मासळीसाठी त्यांच्याच मिठागरातून मीठ न्यायचा आणि ओट्यावर बसून चहा प्यायचा.

शनिवारी सकाळी तिनंच इलियासला फोन करून बोलावलं. तो आला तेव्हा मितेश घरीच होता, आणि तोंड फिरवून बसला होता. इलियासनं पाण्याचा खारटपणा मोजायची, छोट्या दुर्बिणीसारखी एक नळी काढली, तिच्यावर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरली. तो काही बोलायच्या आत गोदूनं टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"खार बरोबर हाय," ती म्हणाली. "आपल्या खाडीच्या पान्यापरीस उलीसा जड."

इलियासनं नळी खाली केली. "काकींनी बरोबर सांगितलं. मीठ अगदी पाहिजे तेवढंच आहे."

मग मात्र गोदूला राहवलं नाही. तिनं बरणी आणून पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. हेतलनं कपाळावर हात मारला. मितेश उठूनच उभा राहिला.

"आई, दहा दिवस मी पाणी वाहतोय. दहा दिवस!"

"मना वाटला आपोआप बसंल."

"मला सांगायचंस तरी."

"तू इचारलंस कदी?"

मितेश पुन्हा खुर्चीत बसला. इलियास हसला नाही. एवढ्या पाण्याला एका मुठीनं काही होत नाही, म्हणाला. नव्या पाण्यात बारीक जीव धरायला लागतात, तेव्हा ते असं दुधाळ दिसतं. ते स्पंजवर आणि दगडांवर वस्ती करतात, मग पाणी आपोआप निवळतं. इथे एकानं रोज पाणी उपसलं आणि दुसरीनं रोज वस्ती धुतली.

"विरजण लावायचं तुमचं खरं होतं, काकी," तो म्हणाला. "फक्त विरजण दुसरं पाहिजे."

खाली जाऊन त्यानं स्कूटरच्या डिकीतून एक पिशवी आणली. आत दुकानातल्या बारा वर्षं चालू असलेल्या टाकीतला स्पंज होता, तपकिरी, गिळगिळीत, ओहोटीच्या चिखलासारखा वास मारणारा. हेतलनं पदर नाकाला लावला. हा घाणेरडा बोळा माझ्या टाकीत घालायचा नाही, मितेश म्हणाला, उद्या टाकी परत जाणार म्हणजे जाणार.

गोदूनं पिशवी नाकाशी नेली. तो वास तिला नवा नव्हता. तिनं पदर खोचला, डब्याचं झाकण काढलं आणि पांढऱ्याशुभ्र स्पंजाशेजारी तो बसवून दिला.

"आठ दिस," ती लेकाला म्हणाली. "आठ दिसांत पानी निवळला नाय तर मी सोता रिक्शात घालून टाकी देऊन येईन. पन तवर कोनी हात लावाचा नाय. हेतल, तू बी नाय."

मितेशनं इलियासकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "फोटो काढून ठेवलेत मी," एवढं बोलून तो आत गेला.

गोदूनं खुर्ची टाकीसमोर ओढली. रविवारी पेज. सोमवारी पेज. मंगळवारी पाणी आणखी दाटल्यासारखं वाटलं आणि मितेश जाता-येता "वा, काय विरजण लागलंय" म्हणत राहिला. हेतल दोनदा कपडा घेऊन आली आणि दोनदा सासूची नजर पाहून परत गेली. बुधवारी खुद्द गोदूचाच धीर सुटला. तिनं झाकणाला हातसुद्धा लावला. बाप असता तर मनगटावर चापट मारली असती. पाणी बसायला लागलं की खणात पाऊल टाकायचं नाही, हे तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून सांगितलेलं. तिनं हात मांडीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती खुर्चीत बसली आणि कप हातातच राहिला. काचेपलीकडे, दगडांच्या मागे, भिंतीवर लाल ठिपक्यांची एक रांग होती. नीट पाहिलं तर रविवार. आकडे अजून फुटत नव्हते, पण लाल ते लाल होतं आणि काळं ते काळं.

आतल्या खोलीत मितेश दाढी करत होता. गोदूनं त्याला हाक मारली नाही. मारली असती तर उरलीसुरली पेज उपसायला तो बादली घेऊनच आला असता.