पाटीमागची रिकामी खोली

शनिवारी दुपारी ओटिस ब्रँटलीच्या खानावळीपुढे उन्हात रांग लावणारा माणूस आख्ख्या हार्लो गावात एकच उरला होता, रँडल पीबॉडी. बाकीचे आपापल्या गाडीत गार हवा खात बसत. भट्टीवरचं मांस तयार झालं की त्यांचा फोन वाजे. हा फोन वाजवणारा प्रोग्रॅम लोरेटा टीगने घराच्या गॅरेजात बसून एकटीने लिहिला होता, आणि म्हणूनच रँडल तो फोनमध्ये घालायला तयार नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी दोघांची एकच कंपनी होती. ती बुडाली. लोरेटा पुन्हा उभी राहिली, रँडल शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करत राहिला. तिचं कुणी कौतुक केलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

"घालून घे की ते फोनमध्ये," ओटिस म्हणाला. "चक्कर येऊन पडशील माझ्या दारात."

"मला उभं राहायला आवडतं, मिस्टर ओटिस."

"आवडतं म्हणे! तोंड बघ, माझ्या बरणीतल्या आंबट काकडीसारखं झालंय."

मग म्हाताऱ्याने एप्रनच्या खिशातून एक तेलकट लिफाफा काढला. "हे जरा वाच. मला तर ओ की ठो कळलं नाही."

माल तयार झाल्याचं कॉम्प्युटरवरून गिऱ्हाइकाला कळवण्याचा हक्क आमचा आहे, पैसे भरा नाहीतर कोर्टात या, असं ते पत्र होतं. खाली पेटंटचा नंबर, आणि शोध लावणारा म्हणून नाव: रँडल पीबॉडी.

रँडलचे कान तापले. जुन्या कंपनीच्या काळात लोरेटाला न सांगता त्याने हे पेटंट एकट्याच्या नावावर घेतलं होतं. गेल्या वर्षी फेन नावाच्या वकिलाने ते मागितलं, याने विकलं. कशाला हवंय, हे विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एकदा तिचीही जिरू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. पत्रं फुलवालीला, गुरांच्या डॉक्टरला, ओटिसला जातील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हे तर मी तुमच्या कंपनीच्याही आधी पेजरवर करायचो," ओटिस म्हणाला. "ते जुनं खोकं अजून मागे पडलंय. तुम्ही दोघं इथेच बसून बघायचात ना रे?"

तेवढ्यात लोरेटा आपलं पार्सल घ्यायला आली. रँडलला पाहून थबकली.

"माझ्यावर लावलेल्या दाव्यात सोमवारी तुझा जबाब आहे," ती म्हणाली. "तो झाला की मी तडजोडीवर सही करून प्रोग्रॅम बंद करते. खरं माझं असलं तरी लढायला घर विकावं लागेल."

रँडलने लिफाफा पाठीमागे धरला.

"पेटंट विकायच्या आधी मला विचारायचं होतंस, रँडल. मी घेतलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

ती तशीच वळली. पार्सल तिथेच विसरून गेली.

सोमवारी कोर्टासमोरच्या इमारतीत रँडल जिना चढला. फेनने ज्या कंपनीसाठी पेटंट विकत घेतलं तिचं कार्यालय तिथेच होतं: दारावर पाटी, आत एक खुर्ची, तिच्यावर धूळ. प्रोग्रॅमची एक ओळ त्या खोलीत कधी कुणी लिहिली नव्हती. या कोर्टात दावा लावायला गावात पत्ता लागतो, तेवढ्यासाठी ती भाड्याने घेतलेली. ओळीतल्या सगळ्याच खोल्या तशा. नुसत्या पाट्या कष्टाची भाकरी हिसकावत होत्या, आणि सगळं कायद्यात बसवून.

शेवटच्या खोलीत फेन, जबाब टिपून घेणारी टंकलेखिका, आणि समोर वकिलाशिवाय बसलेली लोरेटा.

"ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?" फेनने विचारलं.

अजूनही 'मला' म्हणता येत होतं. तसं म्हटलं की लोरेटा संपली, वर्षभर हवं होतं तेच. रँडलने तिच्याकडे पाहिलं. तिचा मत्सर आत्ताही वाटत होता.

"ओटिस ब्रँटलीला," तो म्हणाला. "आम्ही ते त्याच्याकडे पाहिलं. त्याचं यंत्र अजून आहे. शोध माझा, असं अर्जावर मी शपथेवर खोटं लिहिलं."

"मिस्टर पीबॉडी, पेटंट तर रद्द होईलच, तुमच्यावरही खटला होईल."

"होऊ दे. बाई, तुम्ही लिहिलंत ना?"

टंकलेखिकेने मान डोलावली. लोरेटा तोंडावर हात धरून रडत होती. रँडलने तिची माफी मागितली नाही. तेवढा मोठा तो अजून झाला नव्हता.

जिना उतरताना त्याने पाट्या मोजल्या. सतरा होत्या. त्यातल्या एकीमागे त्याची सही होती. उरलेल्या सोळांमागे कुणाच्या असतील?